ओझें आणि कमान



अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यांत मोटारीच्या क्रमांकाच्या पाटीवर ‘दहा हजार सरोवरें’ अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात. उन्हाळ्यांतील शनिवारीं सकाळीं त्या राज्याच्या रस्त्यांवर एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. पुढें एक पिकअप, म्हणजे पुढच्या भागांत बसावयाची खोली व मागें उघडा हौदा असलेली मोटार; तिच्या शेपटीस अडकविलेला ट्रेलर; आणि त्या ट्रेलरवर ऐटींत बसलेली पांढरी शुभ्र यांत्रिक होडी. मंडळी सुटीसाठीं सरोवराकडे निघालेलीं असतात. देखावा आनंदाचा खरा. परंतु जरा निरखून पाहिलें म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. पुष्कळ गाड्यांची मागची बाजू खालीं बसलेली असते आणि तोंड वर उचललेलें असतें. रात्रीं परततांना अशा गाडीच्या दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडावयाचा सोडून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो.

ही बसलेली पाठ पाहून मालकाच्या मनांत पहिला विचार येतो तो कमानी भक्कम करून घेण्याचा. कोणी एक जादा पाटा घालून घेतो, कोणी जाड पाट्यांची नवी कमान बसवितो, कोणी आंसावर रबराचे हवा भरलेले फुगे ठेवतो. गाडी पुन्हां सपाट उभी राहते आणि मालकाचें समाधान होतें. हें समाधान कितपत खरें, एवढाच आजच्या भाषणाचा प्रश्न आहे. प्रश्न एका गाडीपुरता दिसला तरी त्याच्यामागें साडेतीनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सगळा इतिहास एकाच पेंचाभोवतीं फिरतो. जी कमान माणसाला सुख देते ती ओझ्याखालीं लवते. जी ओझें न लवतां तोलते ती माणसाचीं हाडें खिळखिळीं करते.

कमान काय काम करते, हें प्रथम पाहूं. आपल्या खटाऱ्याला कमान नसते. चाक दगडावर चढलें कीं आंस चढतो, आंस चढला कीं साटा चढतो, आणि दगडाचा सगळा हिसका गाडीवानाच्या मणक्यापर्यंत जाऊन पोहोंचतो. बैलाच्या चालीनें जावयाचें असेल तोंवर हें सोसतां येतें. वेग वाढला कीं सोसत नाहीं. म्हणून चाकानें वरखालीं व्हावें, पण वर बसलेल्यानें होऊं नये, अशी कांहीं तरी लवचीक वस्तु दोहोंच्यामध्यें घालणें भाग पडलें. टांग्याखालीं ज्या पोलादी पट्ट्या एकीवर एक रचून बांधलेल्या आपण पाहतों आणि मोटारीच्या कारखान्यांत मिस्त्री ज्यांना पाटे म्हणतात, ती ही कमान.

या बाबतींतील एक जुना प्रयोग मोठा मनोरंजक आहे. १६६५ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस लंडनच्या रॉयल सोसायटींतील कांहीं विद्वान् मंडळी एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरीं जेवावयास गेलीं होतीं. आरमाराच्या कचेरींतील अधिकारी सॅम्युएल पीप्स यालाहि त्यांनीं वाटेंत बरोबर घेतलें. त्या दिवशीं तेथें घोडागाड्या सुखकर कशा करतां येतील याचे प्रयोग झाले. एका गाडीचा सगळा सांगाडा एकाच लांब कमानीवर ठेवला होता, व ती बसावयास फार सुखाची वाटली, अशी नोंद पीप्सनें आपल्या रोजनिशींत केलेली आहे. त्या मंडळींत रॉबर्ट हूक हा शास्त्रज्ञहि होता. याच हूकनें पुढें १६७६ सालीं कमानीचा नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपानें छापला आणि १६७८ सालीं त्याचा उलगडा केला. नियम सोपा आहे. कमानीवरील ओझें दुप्पट केलें तर तिचें लवणें दुप्पट होतें. तिप्पट केलें तर तिप्पट. आजच्या पिकअपची पाठ बसते ती याच नियमानें बसते. कमान बिघडली म्हणून बसते असें नव्हे. कमान आपला नियम पाळते म्हणून बसते.

यानंतर सव्वाशें वर्षें गाड्यांच्या कमानींत हळूहळू सुधारणा होत गेल्या. १८०४-०५ च्या सुमारास लंडनचा गाड्या बनविणारा ओबडाया एलियट यानें एक महत्त्वाचें पाऊल टाकलें. त्यापूर्वीं गाडीच्या खालून पुढच्या आंसापासून मागच्या आंसापर्यंत एक जाडजूड लांकडी तुळई जात असे. एलियटनें धनुष्यासारख्या दोन कमानी तोंडाशीं तोंड लावून जोडल्या, त्या थेट आंसांवर ठेवल्या आणि त्यांवर गाडीचा सांगाडा बसविला. तुळईची गरज उरली नाहीं. गाडी हलकी झाली व खालींहि आली. याच सुमारास जॉन मॅकॲडम हा रस्ते बांधण्याच्या कलेंत क्रांति करीत होता. १८१६ सालीं ब्रिस्टल भागांतील रस्त्यांची देखरेख त्याच्याकडे आली आणि खडीच्या रस्त्यांचा प्रसार झाला. चांगली कमान आणि चांगला रस्ता हीं दोन्ही एकमेकांच्या आधारानें वाढलीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. रस्ता गुळगुळीत असेल तरच नाजूक कमान टिकते.

अमेरिकेंत तसा रस्ता नव्हता. म्हणून तेथील गाडीवाल्यांनीं निराळी युक्ति केली. न्यू हॅम्पशायरमधील काँकर्ड गांवीं ॲबट आणि डाउनिंग या दोघांनीं १८२७ सालापासून जी प्रसिद्ध टपालगाडी बनविली तिच्याखालीं पोलादी कमान नव्हतीच. चामड्याचे अनेक पदरी जाड पट्टे पुढून मागें ताणून बांधलेले असत आणि त्यांवर गाडीचा सांगाडा पाळण्यासारखा झुलत असे. पोलाद खडकाळ वाटेवर मोडलें तर लोहाराचें दुकान शेंकडों मैल दूर. चामडें मात्र वाटेंतहि बांधतां येई. या झुल्यानें उतारूंना बोट लागल्यासारखें होत असे, पण हाडें शाबूत राहत. पश्चिमेकडील प्रदेशांत सोनें, टपाल आणि माणसें याच गाडींतून गेलीं. जेथें जसा रस्ता, जेवढें ओझें आणि जितकी दुरुस्तीची सोय, तशी कमान. हा धडा त्या गाडीनें शिकविला.

मग मोटार आली. हेन्री फोर्डनें १९०८ सालीं जी ‘टी’ नांवाची मोटार बाजारांत आणली तिच्या पुढच्या व मागच्या आंसावर प्रत्येकीं एकच कमान आडवी बसविलेली होती. व्हॅनेडियम धातु मिसळलेलें कणखर पोलाद त्या मोटारींत वापरलें होतें. शेतांतील खांचखळग्यांतून ही गाडी एखाद्या काटकुळ्या बकरीसारखी चढतउतरत जाई. शेतकऱ्यांनीं ती घेतली आणि लगेच तिच्यावर ओझें लादावयास आरंभ केला. मागची बैठक काढून तेथें फळ्यांची पेटी ठोकावयाची आणि दुधाचे डबे, बटाट्यांचीं पोतीं, कोंबड्यांचे खुराडे भरून बाजार गांठावयाचा, असा प्रघात पडला. कंपनीनें ही गरज ओळखली. १९१७ सालीं एक टन ओझ्यासाठीं भक्कम सांगाड्याची ‘टीटी’ निघाली, आणि १९२५ सालीं लहान मोटारीवरच कारखान्यांत बनविलेला लोखंडी हौदा बसवून फोर्डनें ‘पिकअप’ या नांवानें ती २८१ डॉलरांना विकावयास ठेवली. माणसांची मोटार आणि ओझ्याची गाडी यांचा हा संकर होय. जन्मापासूनच तिच्याकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा केल्या गेल्या: रविवारीं कुटुंबाला प्रार्थनामंदिरांत सुखानें न्यावें आणि सोमवारीं अर्धा टन खत वाहावें. एकाच कमानीनें हीं दोन्ही कामें करावीं, असा हा हट्ट आहे. आज पिकअप घेणारा पुष्कळदां शेतकरी नसतो. पण हट्ट तोच आहे. खताच्या जागीं होडी आली इतकेंच.

परंतु होडी रस्त्यावर आली कशी? होडीची जागा पाण्यांत. ती चाकांवर चढण्यास चार कारणें घडून आलीं. पहिलें कारण ओलें एव्हिन्रूड. नॉर्वेंत जन्मलेला आणि विस्कॉन्सिनमध्यें वाढलेला हा कारागीर. १९०९ सालीं त्यानें मिलवॉकी शहरीं होडीच्या पाठीला बाहेरून अडकवितां येईल असें दीड अश्वशक्तीचें इंजिन विकावयास आणलें. सरोवरापलीकडे आइस्क्रीम आणावयास तो वल्हीं मारीत गेला, परत येईपर्यंत तें वितळलें, आणि त्या हळहळींतून ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, सामान्य माणसाच्या होडीला त्यानें यंत्र दिलें हें निर्विवाद.

दुसरें कारण धरणें. १९३३ सालीं टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठीं सरकारी संस्था स्थापन झाली आणि तेथें धरणांची माळ उभी राहिली. १९३५ सालीं कोलोराडो नदीवरील हूव्हर धरणाचें उद्‌घाटन झालें आणि त्याच्यामागें वाळवंटांत मीड सरोवर पसरलें. जेथें पूर्वीं कधीं होडी नव्हती तेथें विस्तीर्ण पाणी झालें. पण तेथें होडी न्यावयाची तर जमिनीवरूनच न्यावी लागणार. तिसरें कारण काचतंतूंची होडी. लांकडी होडीच्या फळ्या पाण्यांत फुगतात, त्यांच्या फटी मिटतात आणि म्हणून ती गळत नाहीं. तिला आठवडाभर उन्हांत ट्रेलरवर ठेवली तर फळ्या आकसतात आणि पाण्यांत उतरवितांच ती गळूं लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पुढें आलेल्या काचतंतु आणि राळ यांच्या मिश्रणाला हा दोष नाहीं. तशी होडी घराच्या अंगणांत महिनोन्‌महिने राहूं शकते. चौथें कारण रस्ते. १९५६ सालीं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं ज्या कायद्यावर सही केली त्यानें ४१,००० मैलांच्या महामार्गांची योजना मार्गीं लागली. यंत्र, पाणी, होडी आणि रस्ता हीं चारी एकत्र आलीं, आणि पिकअपच्या पाठीवर एक नवें ओझें येऊन पडलें.

या ओझ्याचा स्वभाव खताच्या पोत्याहून निराळा आहे. पोतें हौद्यांत, बहुतेक मागच्या आंसाच्या डोक्यावर असतें. होडीचें वजन मात्र आंसाच्या पुष्कळ मागें, जोडाच्या टोकावर पडतें. येथें आपल्या गाडीवानांचें शहाणपण आठवतें. बैलगाडी भरतांना भार किंचित् पुढें ठेवतात, म्हणजे जुवावर थोडा दाब राहतो. भार मागें गेला तर गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्यांना फांस बसतो. ट्रेलरचाहि नियम हाच. ट्रेलरच्या एकूण वजनाचा निदान दहावा हिस्सा गाडीच्या जोडावर दाबून बसला पाहिजे असें अमेरिकेंत सामान्यतः मानतात. होडीच्या ट्रेलरांना कित्येकदां याहून कमी प्रमाणहि सांगितलेलें असतें. दाब फार कमी पडला तर ट्रेलर वेगांत माशाच्या शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावे घेऊं लागतो आणि शेवटीं गाडीलाहि फेंकून देतो. म्हणजे जोडावरचें ओझें टाळतां येत नाहीं. तें सुरक्षिततेची किंमत म्हणून पत्करावेंच लागतें.

आतां एक लहानसा हिशेब करूं. समजा, होडी व ट्रेलर मिळून ५,००० पौंड वजन आहे आणि त्यांपैकीं ५०० पौंड जोडावर पडतें. गाडीच्या दोन आंसांमध्यें १२ फुटांचें अंतर आहे आणि जोडाचा गोळा मागच्या आंसाच्याहि ४ फूट मागें आहे. मुलांच्या सीसॉ नांवाच्या फळीचा न्याय येथें लागतो. मागच्या आंसावर ५०० पौंड वाढत नाहींत. सुमारें ६६७ पौंड वाढतात. मग वरचे १६७ पौंड आले कोठून? ते पुढच्या आंसावरून उचलले गेले. म्हणजे जीं चाकें गाडीला वळवितात, आणि ब्रेक दाबतांच ज्यांच्यावर थांबविण्याचें मोठें काम पडतें, नेमकीं तींच हलकीं झालीं. मागें बसलेली पाठ डोळ्यांना दिसते. पुढचीं हलकीं चाकें दिसत नाहींत. धोका मात्र न दिसणाऱ्या बाजूस अधिक असतो.

या बाबतींत मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरचें काम सांगितलें पाहिजे. १९३० सालीं तो रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनींत आला. त्यानें एका मोटारीच्या पुढें व मागें वजनें टांगण्याची सोय केली, आणि वजनें सरकवून व कमानी बदलून गाडीचें झुलणें कसें बदलतें याचे प्रयोग चालविले. त्यांतून एक उलटीच गोष्ट हातीं आली. त्या वेळपर्यंत पुढच्या कमानी ताठ आणि मागच्या मऊ ठेवण्याची रीत होती. ऑलीला असें आढळलें कीं पुढची कमान मऊ हवी आणि मागची किंचित् चपळ. कारण खांचेवर पुढचें चाक आधीं आदळतें, मागचें क्षणभरानें. मागची बाजू जरा भरभर झुलली तर ती पुढच्या बाजूस गांठते, दोन्ही एकदम वरखालीं होतात, आणि घोड्याच्या उडीसारखें होणारें पुढेंमागें झुकणें मरून जातें. १९३४ च्या मोटारींत जनरल मोटर्सनें पुढच्या चाकांना जीं स्वतंत्र मऊ बैठक दिली तिच्यामागें हेंच संशोधन होतें.

आतां हें ज्ञान होडीच्या गाडीला लावून पाहा. कमान ओझ्याखालीं किती इंच लवली आहे यावरून तिचें झुलणें ठरतें. चार इंच लवलेली कमान मिनिटाला सुमारें ९४ वेळां झुलते. तिच्यावरचें ओझें दुप्पट होऊन ती आठ इंच लवली तर सुमारें ६६ वेळां. अर्थात् ओझें वाढतांच मागची चपळ बाजू सुस्त होते. ऑलीनें जो मेळ साधला होता तो मोडतो आणि गाडी महामार्गावर नांगर टाकलेल्या नावेसारखी डुलूं लागते. मालकाची तक्रार म्हणूनच खोटी नसते; त्याला कमान सुधारावीशी वाटते यांत चूक कांहींच नाहीं. प्रश्न इतकाच कीं ती कशी सुधारावी.

सर्वांत सोपा उपाय पाटा जाड करण्याचा. पण येथें गणित आडवें येतें. पाट्याची जाडी फक्त एकपंचमांशानें वाढविली तर त्याचा ताठपणा जवळजवळ पावणेदोनपट होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. होडी जोडलेली असेल तेव्हां हें ठीक. परंतु होडी वर्षांतून वीस दिवस जोडावयाची. उरलेले दिवस रिकाम्या हौद्याची गाडी त्याच ताठ कमानीवर दगडासारखी आदळत जाते आणि ओल्या वळणावर मागचीं चाकें रस्ता सोडूं पाहतात. म्हणून जुन्या कारागिरांनीं मदतनीस पाट्याची तोड काढली. मुख्य कमानीपासून थोड्या अंतरावर एक जाड पाटा असतो. गाडी रिकामी असतां तो स्वस्थ बसतो आणि ओझें येऊन कमान पुरेशी लवली कीं मगच भार घेतो. ही युक्ति आजहि पिकअपांत सर्रास आढळते.

सुखाच्या बाजूनेंहि प्रयत्न झाले. शेव्हरोलेनें १९६० च्या पिकअपांत मागें पाट्यांऐवजीं वेटोळ्याची स्प्रिंग घातली. १९७३ पासून त्या कंपनीच्या पिकअप पुन्हां पाट्यांवर आल्या. २००९ च्या डॉज रॅम पिकअपमध्यें वेटोळें पुन्हां अवतरलें. ही येजा पाहिली म्हणजे कळतें कीं पेंच सुटलेला नाहीं. प्रत्येक पिढी तराजूचें पारडें थोडें इकडे, थोडें तिकडे करते.

पेंच खरोखर सोडविण्याचा मार्ग एकच. ओझ्याबरोबर कमानीनेंच बदललें पाहिजे. १९५५ सालीं पॅकार्ड कंपनीनें पिळल्या जाणाऱ्या लांब पोलादी दांड्यांवर मोटार बसविली आणि मागें ओझें आलें कीं विजेची एक लहान मोटार पाठ सपाट करी; वाटेंतील खड्ड्यांनीं ती फसूं नये म्हणून तिला कांहीं सेकंद थांबण्याची संवय लावली होती. त्याच सालीं फ्रान्समध्यें सिट्रोएनची ‘डीएस’ मोटार तेल आणि वायु यांच्या आधारावर आपली उंची आपणच राखूं लागली. हवेच्या कमानीचा गुण असा कीं ओझें वाढलें तर हवा अधिक भरून उंची पूर्ववत् करतां येते, आणि झुलण्याचा वेगहि फारसा बदलत नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या प्रवासी बसगाड्यांत ती यशस्वी झाली. मोटारींत मात्र १९५७-५८ सालीं ती आली ती गळकी निघाली, आणि कित्येक मालकांनीं ती काढून पोलादी स्प्रिंगा घालून घेतल्या. पुढें रबर, झडपा व पंप सुधारले. आज पिकअपच्या कमानीला मदत म्हणून जे फुगे बसवितात ते याच घराण्यांतले. होडी जोडावयाची तेव्हां हवा भरावी, सोडावयाची तेव्हां कमी करावी. नित्याच्या सुखाला बाध नाहीं. एवढें मात्र खरें कीं कमानीचा भार गाडीच्या चौकटीवर दोन टोकांशीं वांटला जातो आणि फुग्याचा एकाच ठिकाणीं पडतो.

शॉक ॲब्सॉर्बरविषयींचा एक गैरसमजहि येथेंच दूर करूं. त्याचें काम झुलणें शमविण्याचें. ओझें उचलण्याचें नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्रुफो या फ्रेंच कारागिराचें घर्षणानें झुलणें थांबविणारें यंत्र एडवर्ड हार्टफर्डनें अमेरिकेंत आणलें. पुढें तेलाचे शमक आले. ताठ कमान बसविली तर तिला आवरणारा शमकहि तसाच दमदार हवा. पण साधा शमक बदलल्यानें बसलेली पाठ उठत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. पाठ सपाट झाली. मालकाचें समाधान खरें कीं खोटें? मघांचा हिशेब पुन्हां आठवा. कमान ताठ केली, फुगा भरला, पाठ वर आली. तरी मागच्या आंसावरचे ६६७ पौंड एका पौंडानेंहि कमी झालेले नसतात आणि पुढच्या चाकांवरून गेलेले १६७ पौंड परत आलेले नसतात. दिवे सरळ पडतात, डुलणें थांबतें, कमान तळाशीं आदळत नाहीं; हे लाभ खरे आहेत. परंतु टायर तेच, ब्रेक तेच, आंस आणि चौकट तीच. पुढच्या चाकांना त्यांचा भार परत द्यावयाचा असेल तर त्यासाठीं निराळीच जोडणी लागते. तींत लवचीक दांड्यांच्या तरफेनें जोडावरचा भार थोडा पुढच्या आंसाकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे वांटून दिला जातो. तीहि गाडी आणि ट्रेलर या दोहोंच्या कारखानदारांनीं मान्य केली असेल तरच वापरावयाची. होडीचा ट्रेलर पाण्यांत बुडवावा लागत असल्यानें त्याला पुष्कळदां स्वतःच्याच रेट्यानें लागणारे तेलाचे ब्रेक असतात. त्यांच्याशीं या जोडणीचा मेळ आधीं पाहावा लागतो.

ओढण्याच्या शक्तीच्या बाबतींत कारखानदारहि एके काळीं ज्याच्या त्याच्या मापानें बोलत असत. २००८ सालीं तेथील मोटार इंजिनिअरांच्या संस्थेनें सर्वांसाठीं एक कसोटी ठरविली. तींत ॲरिझोनामधील डेव्हिस धरणाजवळचा लांब चढ ट्रेलरसह चढून जाण्याची परीक्षा आहे. या कसोटीमुळें एका गाडीचा आंकडा दुसरीच्या आंकड्याशीं ताडून पाहणें शक्य झालें. पण प्रत्येक गाडीचा आपला आंकडा तिच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेलाच असतो. गाडीचें एकूण वजन किती असावें, प्रत्येक आंसावर किती पडावें, हें तेथें लिहिलेलें असतें. कोणतीहि नवी कमान तो आंकडा बदलीत नाहीं.

आणि म्हणून बसलेल्या पाठीकडे निराळ्या दृष्टीनें पाहावेंसें वाटतें. हूकच्या नियमानें लवणारी कमान ही एक प्रकारचा तराजूच आहे. किराणा दुकानांतील स्प्रिंगचा कांटा जसा वजन सांगतो तशी ती मालकाला ओझें सांगत असते. ताठ कमान बसविणें म्हणजे त्या तराजूचा कांटा घट्ट करणें होय. वजन तेंच राहतें. सांगणारा गप्प होतो. ज्यानें आधीं वजन मोजलें, टायर व ब्रेक तपासले आणि मग कमान सुधारली, त्याचें समाधान रास्त आहे. ज्यानें केवळ पाठ सपाट दिसावी म्हणून ती बसविली, त्यानें घाटाच्या उतारावर आपल्या बायकामुलांना एका न दिसणाऱ्या धोक्याच्या हवालीं केलें.

तेव्हां हौशी मालकानें प्रथम कमानीच्या दुकानांत जाऊं नये; ट्रक तोलण्याच्या कांट्यावर जावें. होडी पाण्यांत उतरवावयाच्या तयारीनें भरलेली, टाकींत तेल, हौद्यांत सामान आणि गाडींत माणसें अशा स्थितींत पुढचा आंस, मागचा आंस आणि ट्रेलर यांचीं वजनें निरनिराळीं करून घ्यावींत व तीं दारावरील आंकड्यांशीं ताडून पाहावींत. आंकडे मर्यादेंत असतील तर फुगा किंवा मदतनीस पाटा खुशाल बसवावा. प्रवास सुखाचा होईल. मर्यादेबाहेर असतील तर होडी लहान करावी किंवा गाडी मोठी घ्यावी. तिसरा मार्ग कमानींत नाहीं.